सगळे रमतात, मीच का रमत नाही?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे ३७ वर्षांचे, मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. पुण्यात आयटीत बरीच वर्षं काढून आता गावच्या घरातूनच काम करतात. घरी आई, बायको आणि ९ वर्षांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी वडील गेले. वडील म्हणजे अख्ख्या वाडीचा माणूस, दिवेलागण झाली की त्यांच्या खळ्यात दहाबारा जण बसलेले असायचेच आणि गजाली रात्रीपर्यंत चालायच्या. आता ते सगळं आपण पुढे चालवावं असं ह्यांना मनापासून वाटतं, पण माणसं जमली की हे आतल्या आत मोजत बसतात की कधी संपतंय. गणपतीत घरी भजन आलं की चहा देऊन मागीलदारी जाऊन फोन बघत उभे राहतात. टपरीवर बसून बघितलं, क्रिकेटच्या टूर्नामेंटला जाऊन बघितलं, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलायचा प्रयत्न केला. दोन पेग घेतले तर जरा बरं जातं म्हणतात. एकदा कानावर पडलं, "बापाशीसारखो नाय हो." ह्यांना स्वतःला आवडतं ते पहाटे किनाऱ्यावर चालणं, जुने रेडिओ दुरुस्त करणं आणि एखाद्याच माणसाशी निवांत बोलणं. मुलगीसुद्धा आता पाहुणे आले की आतल्या खोलीत पळते. त्यांचा प्रश्न असा, "मला एकटं राहायला आवडतं पण मला एकटं पडायचं नाहीये. ह्या सगळ्यात मला मजा यायला लागेल असं काही करता येतं का, की मी असाच राहणार?"

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांच्या मधे तुम्ही एक मोठी उडी मारलीय, तिथूनच सुरू करते. एकटं पडायचं नाहीये, हे झालं एक. मजा यायला पाहिजे, हे दुसरं. तुम्ही धरून चाललाय की मजा आली तरच आपण ह्या माणसांतले, आणि नाही आली तर आपण बाहेरचे. मला हे बरोबर वाटत नाही, आणि कोकणातल्या वाडीत तर अजिबातच नाही.

तुमच्या घरचं भजनच डोळ्यासमोर आणा. बुवांनी गजर धरला, पखवाज चढला, पुढच्या रांगेतले पाचसहा जण घामाघूम होऊन झांजा वाजवतायत, त्यांना खरंच मजा येतेय, वादच नाही. पण बाकीच्यांकडे कधी नीट बघितलंय का? भिंतीला टेकलेले काका अर्धे झोपेत असतात, सकाळी बागेत जाऊन आलेले असतात ते. दोन पोरं मोबाईलमधे असतात, त्यांना आईने पाठवलेलं असतं. एक जण आलेला असतो कारण उद्या भजन त्याच्या घरी आहे आणि आज तो आला नाही तर उद्या त्याच्याकडे माणसं कमी दिसतील. आणि आत चुलीशी तुमची आई आणि बायको काळ्या वाटाण्याची उसळ ढवळत दुपारपासून उभ्या असतात, त्यांना तर कुणी विचारतच नाही की तुम्हाला मजा येतेय का. ह्यातलं कुणी मजेचा हिशोब देत नाही. दुसऱ्या दिवशी विचारतात ते फक्त "काल खंय होतस?" म्हणजे तू होतास की नाही एवढंच बघितलं जातं, रमलास की नाही हे कुणी मोजत नाही. मोजताय ते तुम्ही, स्वतःचं.

आता वडिलांबद्दल. तुम्ही लिहिलंय की बाबांना माणसं म्हणजे जीव की प्राण. असेलही. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं, की लहानपणी बघून तुम्हीच ठरवलं? एकदा आईला निवांत विचारा की माणसं उठून गेल्यावर बाबा काय करायचे, काय बोलायचे, कधी कंटाळायचे का, कुणाला टाळायचे का. ती काय सांगेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण ज्या घराच्या खळ्यात रोज दहा माणसं बसतात त्या घरातल्या बाईला त्या बैठकीची दुसरी बाजू नक्की माहीत असते. तुम्ही ज्या माणसाशी स्वतःची तुलना करताय तो लहान मुलाच्या नजरेने बघितलेला बाप आहे, त्यातून पूर्ण माणूस दिसत नसतो.

आणि ते "बापाशीसारखो नाय हो", ते तुम्हाला फार लागलंय हे पत्रावरून कळतं. पण जरा त्यांच्या बाजूने ऐकून बघा. तुमचा बाप गेला, हे खरं, पण त्या माणसांचा रोजचा संध्याकाळचा मित्र गेला, बसायची जागा गेली, आणि त्यांना ते दुःख बोलून दाखवायची रीत नाही. तुमच्याकडे बघून त्यांना त्याची आठवण येते आणि तोंडातून वाक्य निघतं ते असं. त्यात तुमच्यावरचा शेरा किती आणि त्यांची स्वतःची हुरहूर किती, हे तुम्ही एका वाक्यावरून ठरवू नका. दुसरं असं की लोक आपल्याबद्दल काय विचार करतात ह्याचा आपला अंदाज बहुतेक वेळा स्वतःच्या विरोधात चुकतो. २०१८ मधे मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी गप्पा मारायला लावून नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांना वाटत होतं की मी समोरच्याला फारसा आवडलो नाही, आणि समोरच्याचं उत्तर मात्र त्याहून चांगलं होतं. आपण आपले अडखळलेले शब्द घेऊन घरी येतो, समोरचा ते विसरलेला असतो.

बरं, मुद्द्याचं. जे आवडत नाही ते आवडून घेता येतं का?

हॅरी फ्रँकफर्ट नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७१ मधे एका लेखात मांडलं होतं की माणसाला नुसत्या इच्छा नसतात, आपल्या इच्छा कशा असाव्यात ह्याचीही इच्छा असते. तुमचं तेच चाललंय, तुम्हाला भजन नकोय, पण भजन हवंसं वाटणारा माणूस व्हायचंय. ह्यात विचित्र काही नाही आणि ढोंगही नाही. फक्त अशी इच्छा आली की ती कुणाची आहे हे तपासावं. मी तुम्हाला एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला नको, स्वतःलाच द्या. समजा कुणालाही कधीच कळणार नाही अशी सोय झाली, वाडीतलं कुणी नाव ठेवणार नाही, आईला वाईट वाटणार नाही, तर मग तुम्हाला रोज संध्याकाळी खळ्यात माणसं हवीत का? उत्तर जर "नको, पण दोन माणसं हवीत जी माझी आहेत" असं आलं, तर तुम्हाला मजा यायला शिकायचंच नाहीये, तुम्हाला दोन माणसं मिळवायचीयत. आणि ते काम बरंच सोपं आहे.

मेंदूच्या बाजूनेही एक गोष्ट माहीत असलेली बरी. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज गेली कित्येक वर्षं हे दाखवत आलेत की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती करताना प्रत्यक्ष आनंद होणं ह्या मेंदूतल्या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत, त्या बऱ्याचदा सोबत चालतात पण नेहमी नाही. म्हणूनच जायच्या आधी जाववत नाही म्हणून तिथे गेल्यावरही वाईटच जाईल असं नसतं, आणि जायची हौस असली म्हणून मजा येईलच असंही नसतं. शिकागोत एप्ली आणि श्रोडर ह्या दोघांनी २०१४ मधे एक प्रयोग छापला होता, लोकलमधल्या काही प्रवाशांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प एकटे बसा. बोललेल्यांचा प्रवास जास्त बरा गेला, पण आधी अंदाज विचारला तेव्हा लोक नेमकं उलटं सांगत होते, की एकटं बसलेलंच बरं. तर घरातून निघताना मनात जे "नको रे बाबा" येतं त्याच्यावर शंभर टक्के विश्वास ठेवू नका एवढं मी नक्की म्हणेन.

पण ह्याच्या जोरावर जे लोक तुम्हाला सांगतील की मग काय, बिनधास्त मिसळ, सवय होईल, त्यांचंही पूर्ण ऐकू नका. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ह्यावरच एक अभ्यास झाला होता, तो २०१९ मधे छापून आला, त्यात लोकांना आठवडाभर मुद्दाम बोलकं, धीट, उत्साही वागायला सांगितलं होतं. एकूण लोकांना बरं वाटलं खरं, पण जे स्वभावाने अबोल होते त्यांना तेवढा फायदा झाला नाही, उलट त्यांना थकवा जास्त आला आणि आपण आपल्यासारखे वागत नाही आहोत असंही वाटलं. तुम्ही तीन वर्षं जे करताय ते हेच, वडिलांचं सोंग घेऊन त्यांच्या जागेवर बसताय, आणि दमून मागीलदारी जाताय. दमणारच.

आवड बदलते, हे मी मानते, पण कशी बदलते ते बघा. तिखट घ्या. कुठलंही तान्हं मूल मिरची आवडते म्हणून जन्माला येत नाही. पॉल रोझिन ह्या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोत जाऊन ह्याचाच अभ्यास केला होता, तिथे त्यांना दिसलं की मुलांना कुणी जबरदस्तीने तिखट भरवत नाही, मिरची पानाशेजारी असते, मोठी माणसं चवीने खात असतात, आणि मूल एक दिवस स्वतःहून हात लावतं, थोडंसं घेतं, मग हळूहळू वाढवतं. आपल्याकडेही तेच, कोळंबीच्या कालवणात आधी भात कालवून, मग जरासा रस वाढवून. थोडं, न लादता, आवडणाऱ्यांच्या सोबतीत आणि स्वतःच्या हाताने घेतलेलं. तुमच्या बाबतीत ह्यातलं एकही झालं नाही. पुण्याहून आलात, वडील गेले, आणि पहिल्याच वर्षी यजमान म्हणून सगळं पान वाढून पुढ्यात ठेवलं गेलं.

हेही लक्षात घ्या की नुसत्या सवयीने आवड वाढते ते मुळात ज्याबद्दल फार काही वाटत नाही अशा गोष्टींत. जे पहिल्यापासून नकोसं आहे ते पुन्हा पुन्हा केलं तर नावड पक्कीसुद्धा होऊ शकते. म्हणून "जात रहा, होईल" हा सल्ला मी देणार नाही. आधी नकोसं काय आहे ते वेगळं काढा. कारण माणसांत मिसळणं ही काय एकच गोष्ट आहे का? गोंगाट नकोय? काय बोलायचं ते सुचत नाही? लोक बघतायत ही भीती? की कधी संपणार हे माहीत नसतं ते? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

गोंगाटाचं म्हणाल तर एक साधी गोष्ट बहुतेक कुणी करत नाही, कान तपासून घ्या. थोडं कमी ऐकू येत असलं तर एकट्याशी बोलताना ते लक्षातही येत नाही, पण दहा जण एकदम बोलतात, त्यात टाळ-मृदंग, तिथे शब्द तुटतात आणि मेंदू जोडत बसतो, त्याने माणूस खूप थकतो आणि त्याला वाटतं आपला स्वभावच असा. वर्षानुवर्षं हेडफोन लावून काम केलंय तुम्ही, म्हणून सांगते. तपासणी अर्ध्या तासाची असते.

कधी संपणार हे माहीत नसण्याचा उपाय आणखी सोपा. आल्या आल्या सांगून टाकायचं, "मी आरतीपर्यंत आसय, मगे जातलंय." आधी सांगितलेलं जाणं कुणाला खटकत नाही, मधेच गायब होणं खटकतं. आणि वेळ ठरलेली असली की मोजणं थांबतं.

भीतीचा भाग असेल, म्हणजे छाती धडधडते, आदल्या रात्री झोप लागत नाही, चारचौघात बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, तर मग हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. त्यावर चांगले उपचार आहेत, घ्यावेत. तुमच्या पत्रात मला भीती कमी आणि कंटाळा जास्त दिसला, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं उलट असू शकतं.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही जाताजाता लिहिलीय आणि मी तिथेच अडकले, ती रेडिओ दुरुस्तीची. अहो, तुमच्या वाडीत माइक-स्पीकर कोण सांभाळतं? आजकाल एकही भजन साउंडशिवाय होत नाही, आणि प्रत्येक भजनाला कधीतरी माइक शिट्टी मारतो, स्पीकर घूं घूं करतो, पेटीचा आवाज वर आणि बुवांचा गळा खाली, आणि चार जण उठून चार वायरी हलवतात. ज्याला अर्थिंग कळतं, सोल्डरिंग येतं, असा माणूस घरात असताना तो मागीलदारी फोन बघत उभा राहतो हे काही बरोबर नाही. ते काम मागून घ्या. हाताला काम असलं की माणसांत उभं राहणं खूप सोपं होतं, काय बोलू हा प्रश्न राहत नाही, लोकच येऊन विचारतात, "जरा पखवाजाचो आवाज वाढव मां." आणि वडिलांच्या जागेवर बसायची गरजही राहत नाही, तुमची वेगळी जागा तयार होते.

पण ह्यात एक धोका आहे तोही सांगते, कारण मी असे पुष्कळ पुरुष आणि त्याहून जास्त बायका बघितल्यात, जे कामाच्या आड लपतात. आयुष्यभर चहाच देत राहतात, बसत कधीच नाहीत. म्हणून एवढं करा, रोज एक गजर पूर्ण बसायचं, झांज हातात घेऊन. बारा वर्षांचा एखादा पोरगा शेजारी बसवा आणि त्याच्याकडून ठेका शिकून घ्या. भजनात मजा न यायचं एक अगदी साधं कारण असं असतं की कुठे उचलायचं, कुठे थांबायचं हे माहीत नसतं, मग ते बाहेरून ऐकलेला नुसता आवाज राहतो. येत नसलेल्या गोष्टीची मजा यायला वेळ लागतो, ह्यात स्वभावाचा दोष नाही.

आणि गणपतीचे दिवस सोडून उरलेलं वर्ष आहेच की. तुम्ही पहाटे किनाऱ्यावर चालता ना? पावसाळा संपला की तिथे कधीतरी रापण लागलेली दिसते. दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून मागे मागे चालत असतात, जाळं हळूहळू किनाऱ्याला येतं. त्यात जाऊन दोराला हात लावा. कुणी विचारत नाही तू कोण, काय करतोस, एक हात वाढला तर हवाच असतो. बोलायला श्वासच नसतो तिथे, ओल्या दोराने तळवे भाजतात, पाय वाळूत रुततात आणि जाळं वर येईपर्यंत तुम्ही दहावीस माणसांच्या सोबत असता. ओढायला हात लावलेल्याला चार मासे द्यायची रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, ते घ्या, नको म्हणू नका, ते घेणं म्हणजेच पुढच्या वेळचं बोलावणं असतं.

अशी शेजारी शेजारी करायची कामं कोकणात कमी नाहीत, समोरासमोर बसून गप्पा मारायची सक्ती नसते त्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसायचं. एप्रिल-मेमधे कुणाच्या मांगरात आंबा भरायला जायचं, फळ निवडायचं, पेंढा घालायचा, पेटी लावायची, बोलणं आलं तर आलं. जत्रेतला दशावतार तर तुमच्यासारख्यांसाठी फारच चांगला, रात्रभर शेकडो माणसांत बसायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायची गरज नाही, सकाळी चहाला मात्र विषय तयार असतो, राजा कसा होता, संकासुराने कशी मजा आणली.

दोन माणसं मिळवायचं म्हटलं त्याबद्दल एक आकडा देते, त्याने तुम्हाला धीर येईल असं वाटतं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल ह्यांनी मैत्री व्हायला किती वेळ लागतो हे मोजायचा प्रयत्न केला होता, त्यांच्या हिशोबाने नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. आता बघा, तुमच्या वडिलांनी ह्या माणसांसोबत शाळेपासून दिवस काढले होते, हजारो तास. तुमचे वयात आल्यानंतरचे सगळे तास पुण्यात गेले. म्हणजे तुमच्यात काही कमी आहे असं तुम्ही समजताय त्यातलं बरंचसं नुसतं तासांचं कमी असणं आहे. रोज अर्धा तास एकाच माणसासोबत गेला तरी ५० तासांना १०० दिवस लागतात. तुम्ही टपरीवर किती वेळा बसलात आणि मग सोडलंत? आणि दहा जणांसोबत एकदम बसलात, की एकासोबत? तुम्हाला एकाशीच निवांत बोलायला आवडतं असं तुम्हीच लिहिलंय, मग खळ्यात दहा माणसं आणायचा अट्टाहास कशाला, वडिलांच्या त्या दहांतल्या एकालाच बोलवा. ज्याचा रेडिओ बंद पडलाय त्याला.

पेगचं. ते बंद करा असं मी सरळ सांगते. अधूनमधून घेणं न घेणं हा तुमचा प्रश्न, पण माणसांत बसता यावं म्हणून घेणं वाईट, कारण मग माणसांची सवय लागतच नाही, पेगची लागते, आणि दोनाचे तीन कधी होतात ते कळत नाही. वाडीत अशी उदाहरणं तुम्हालाही माहीत असतील.

आणखी एक विचारायचं राहिलं. हे पहिल्यापासून असं आहे की वडील गेल्यापासून? पहाटेचं चालणं, रेडिओ, ह्यात अजून पूर्वीसारखा जीव रमतो का? रमत असेल तर काळजीचं कारण नाही. पण जे आधी आवडायचं तेही आता बेचव लागतंय, झोप-भूक बिघडलीय, आणि असं दोन आठवड्यांच्या वर रोज चाललंय, तर तो स्वभाव नाही, नैराश्य असू शकतं, आणि दुःख आत दाबून ठेवलेल्या माणसाला ते गाठतं. सरकारची टेलि-मानस म्हणून फुकट सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. गावात डॉक्टरकडे जाताना कोण बघेल अशी धास्ती असते म्हणून हा नंबर मुद्दाम देतेय, तुम्हाला आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाच.

ज्या नव्या सुना मला लिहितात की हळदीकुंकू, ओवसा, पाहुणे काहीच आवडत नाही, मीच अशी कशी, त्यांना इथेच सांगते की बाई गं, तू त्यात सामील नसतेसच, तू राबत असतेस. आधी काम वाटून घ्यायला लाव, मग आवडतं की नाही ते बघ.

मुलीबद्दल. ती आत पळते म्हणून तिला ओढून बाहेर आणू नका आणि "बाबावर गेलीय" असं चारचौघात कधीच बोलू नका, मुलं अशी वाक्यं आयुष्यभर धरून ठेवतात. तिला एवढंच सांगा की पाहुणे आले की बाहेर यायचं, नमस्कार करायचा, प्रसादाचं ताट फिरवायचं, मग आत गेलीस तरी चालेल. छोटं काम, ठरलेली वेळ, तुमच्यासाठी जे सांगितलं तेच. आणि तिने विचारलं की बाबा, तुला मजा येत नाही का, तर खरं सांगा, की मला जास्त माणसांत दमायला होतं, पण ही माणसं मला आवडतात म्हणून मी येतो. नऊ वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं.

बायकोशी मात्र बोला. तुम्ही मागीलदारी जाता तेव्हा समोरची माणसं ती सांभाळते, तुमच्या वाटचं बोलणं ती बोलते. तिला त्याचं काय वाटतं हे पत्रात एका शब्दाने नाही. कदाचित तिलाही आरतीनंतर बसायला आवडत असेल आणि ती तुमच्यामुळे आत-बाहेर करत असेल. दोघांनी मिळून ठरवा, किती दिवस भजन घ्यायचं, किती माणसं जेवायला, कुठल्या दिवशी घर फक्त घरच्यांचं.

आणि हे सगळं चतुर्थीच्या दिवशी ठरवू नका. गणपतीच्या आधी वाडीची बैठक होते ना, कुठल्या रात्री कुणाकडे भजन ते ठरवायला, त्या बैठकीला जा. नाही गेलात तर वडिलांचं नाव जिथे होतं तिथे तुमचं नाव लिहून मोकळे होतील. जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगा की ह्या वर्षी साउंड माझ्याकडे, आमच्या घरचं भजन अमुक दिवशी, आणि पुढे बसायला बाबांच्या जागी काका असतील.